दापोलीचे पेन्शनर शिपाई

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली कॅम्पात एकेकाळी पेन्शनर महार शिपायांची घरं होती. पलटणीत महिन्याला रोख पगार, उतारवयात पेन्शन आणि मुलामुलींना शाळा! बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर ते दापोलीत राहिले. गोपाळबाबा वलंगकरही १८८६ मध्ये पलटणीतून निवृत्त होऊन इथेच स्थायिक झाले.

पुढे ब्रिटिश सरकारने महारांची सैन्यभरतीच थांबवली. नव्या पिढीचा पगार गेला, पेन्शन गेली, पोरांची शाळाही गेली. पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्यांवर हा उघड अन्याय होता. वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. भरती बंदच राहिली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभारली, १९२१ मध्ये मोडलीही. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावात.