भांडण दोन घरांचे, बोल एका बाईला
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या विषयाला निमित्त झाले आहे ते मुलांच्या एका चित्रपटाचे. २०१३ च्या डिसेंबरात 'महाभारत' नावाचा चित्रांचा चित्रपट निघाला. मुले त्याला कार्टून म्हणतात. त्यात भीष्मांना अमिताभ बच्चन यांचा आणि द्रौपदीला विद्या बालन यांचा आवाज आहे. सुटीत आळीतली मुले तो लावून बसतात, आणि आपणही भाजी निवडता निवडता त्यात डोकावतो.

मुलांचे पाहणे मोठे सरळ असते. भीमाने गदा उचलली की टाळ्या. द्यूताचा प्रसंग आला की मात्र सारी गप्प होतात, आणि एखादे हळूच विचारते, "एवढे मोठे आजोबा बसले आहेत, ते उठत का नाहीत?" त्यावर आपल्यातलीच कोणी उत्तर देते, "अरे, तिनेच आधी तोंड आवरले असते, तर हे झालेच नसते." १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी बी. आर. चोप्रांची मालिका लागे आणि रस्ते ओस पडत, तेव्हाही हेच ऐकले होते.

भगिनींनो, "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे द्रौपदीचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. हे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. सभापर्वात दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि नोकरचाकर. पुढे बापाजवळ गाऱ्हाणे सांगताना दुर्योधन द्रौपदीही हसल्याचे म्हणतो. पण ते झोंबरे वाक्य काही तिथे नाही. आणि असे पाहा, भीमाला विष घातले गेले, लाक्षागृह पेटले, ते सारे द्रौपदी त्या घरात येण्यापूर्वीच! वैर राज्याच्या वाटणीचे होते. सून मागाहून आली, आणि कारण मात्र तीच ठरली.

हा न्याय काही हस्तिनापुरालाच लागू आहे असे नाही. आपल्या नाशकातच, नवश्या गणपतीला आपण जातो तिथे आनंदवली आहे. राघोबादादांच्या आनंदीबाईच्या नावावरून ते नाव पडले असे सांगतात. आनंदीबाई म्हटले की आपल्याला एकच गोष्ट आठवते: 'ध' चा 'मा'. "नारायणरावास धरावे" याचे तिने "मारावे" केले, हे पोराबाळांनाही पाठ असते. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' नाटक १९०९ च्या सुमारास रंगभूमीवर आले. त्या काळी बाईची भूमिकाही पुरुषच करीत, आणि प्रेक्षक घरी जाताना आनंदीबाईच्या नावाने बोटे मोडीत.

आता इतिहास काय सांगतो? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्या अक्षराच्या खाडाखोडीला पक्का पुरावा नाही. रामशास्त्र्यांनी दोष दिला तो राघोबादादांना. आणि काका-पुतण्यांचे वैर तर त्याच्या कितीतरी आधीचे. १७६८ साली आपल्याच जिल्ह्यातील धोडप किल्ल्यापाशी थोरल्या माधवरावांनी काकांचा पराभव केला आणि त्यांना पुण्यात नजरकैदेत ठेवले. म्हणजे ते अक्षर बदलले असे म्हणतात, त्याच्या पाच वर्षे आधी दोन्हीकडून तलवारी निघाल्या होत्या! पण धोडपची लढाई किती जणींना ठाऊक आहे? आनंदीबाई पुढे विधवा झाली, मुलांसह नजरेखाली राहिली आणि १७९४ साली वारली. गावाबरोबर तिचे नाव राहिले, आणि नावाबरोबर तो डागही.

हे जुने उगाळण्याचे कारण असे की, पडद्यावर पाहिलेले आपण घरी घेऊन येतो. शेजारी दोन भाऊ वेगळे झाले की आपण ओट्यावर बसून म्हणतो, "सून आली आणि घर फुटले." सातबाऱ्यावरची नावे, आजोबांनी न केलेली वाटणी, एका भावाने परस्पर विकलेला तुकडा, याची चौकशी आपण करीत नाही. २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. पण जी बहीण हिस्सा मागते ती "माहेर तोडणारी" ठरते, आणि जी मुकाट्याने हक्कसोडपत्रावर सही करते ती गुणाची. सही करावी की करू नये, हे जिचे तिने ठरवावे. पण बोल लागेल या भीतीने ती होऊ नये. आणि बोल लावणारी तोंडे पुष्कळदा आपलीच असतात, हे आपल्या मंडळात नाही बोलायचे तर कुठे बोलायचे?

मुलांना अशा गोष्टी दाखवू नयेत असे मी म्हणत नाही. खुशाल दाखवाव्यात. फक्त त्यांच्याजवळ बसावे. भांडण कधी सुरू झाले, कशासाठी झाले, कोणाला काय मिळणार होते, एवढे त्यांना विचारावे. द्रौपदीने भर सभेत विचारले होते की, धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? त्याला कोणी धड उत्तर दिले नाही. तिच्या बाजूने उभा राहिला तो कौरवांतलाच एक धाकटा, विकर्ण. त्याचे नाव मुलांना अवश्य सांगावे. आणि "आजोबा का उठले नाहीत?" असे पोराने विचारले, तर त्याला गप्प करू नये. प्रश्न त्याचा बरोबर आहे.