एक घर, तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. बाप्पासमोर प्रिंटरवर काय बोलायचं? पण कामाची माहिती वाटून घ्यायला बाप्पाची हरकत नसावी.

आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील भुसावळच्या गाडीने सुरतेला आले आणि मागावर लागले. माझेही त्यातलेच. आज आमच्या घरात माय अहिराणी बोलते, आम्ही दोघं मराठी, मुलं आपसात हिंदी आणि गल्लीत गुजराती. तरी एका ताटात जेवण होतं, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची भाषा थोडी कळते. घरातल्या कॉम्प्युटरांना मात्र हे जमत नव्हतं.

मुलाला कंपनीने मॅक दिला. लेकीचा लॅपटॉप विंडोजचा. माझा जुना डेस्कटॉप विंडोज १० वर चालायचा. त्याची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि नवं विंडोज त्या मशीनवर बसेना. भाच्याने त्यावर लिनक्स टाकून दिलं. प्रिंटर त्याच डेस्कटॉपला वायरने जोडलेला. कोणाला कागद काढायचा असला की पेन ड्राइव्ह घेऊन जिना उतरायचा आणि मला उठवायचं.

अशातच मायचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. तिच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या आणि लग्नातली गाणी मी बऱ्याच वर्षांपूर्वी टाइप करून ठेवली होती. अमळनेर-पारोळ्याहून येणाऱ्या नातेवाइकांना त्याची पुस्तिका द्यायची, असं ठरलं. लेकीने फाइल उघडली, तर अक्षरांच्या जागी इंग्रजी खुणांचा नुसता कचरा! त्यातली निम्मी गाणी मायला आता आठवत नाहीत. माझ्या पोटात गोळा आला.

इथे दोन वेगळ्या अडचणी होत्या. एक प्रिंटरची, एक अक्षरांची.

आधी प्रिंटर. प्रत्येक कंपनीच्या प्रिंटरची आपली भाषा असते. ती बोलणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोजचा दुभाषी मॅकवर चालत नाही, मॅकचा लिनक्सवर नाही. यावर उपाय म्हणून प्रिंटरसाठी एक सामायिक बोली ठरवली गेली. तिचं नाव आयपीपी, पहिली आवृत्ती १९९९ ची. त्याच वर्षी मायकेल स्वीट यांनी कप्स नावाची छपाईव्यवस्था खुली केली. २००२ मध्ये अ‍ॅपलने ती मॅकमध्ये घेतली. लिनक्समध्येही तीच आहे. म्हणजे माझा डेस्कटॉप आणि मुलाचा मॅक आतून एकाच गावचे निघाले! अ‍ॅपलचं २०१० मधलं एअरप्रिंटही याच बोलीवर उभं आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

प्रिंटर वायफायचा असेल तर तो कोणत्याही कॉम्प्युटरला बांधू नका, थेट राउटरला जोडा. मग मॅक, विंडोज, लिनक्स आणि मोबाइल सगळ्यांना तो दिसतो आणि बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तीन गोष्टी सांभाळा. घरगुती प्रिंटर बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवरच चालतात. पाहुण्यांसाठीच्या वायफायवरून घरचा प्रिंटर सहसा दिसत नाही. आणि राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायम करून घ्या, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि आपण प्रिंटर बिघडला म्हणून दुकानात धावतो.

प्रिंटर माझ्यासारखा जुना, वायरचा असेल तर ज्या कॉम्प्युटरला तो जोडला आहे तिथून वाटायचा. लिनक्सवर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शेअर करण्याची खूण करायची. मॅकला तो आपोआप दिसतो. विंडोजला कधी कधी पत्ता हाताने द्यावा लागतो. त्यात ६३१ हा दरवाजाचा क्रमांक येतो. एवढं करूनही दिसला नाही, तर फायरवॉलने तोच दरवाजा बंद केलेला असतो. आणि छापायच्या वेळी तो कॉम्प्युटर चालू हवा, हे विसरू नका.

नवा घेणार असाल तर खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलंय का, ते बघा. काही स्वस्त लेझर प्रिंटर फक्त कंपनीच्या ड्रायव्हरवरच चालतात. तिथे पैसे वाचवले तर पुढे डोकेदुखी विकत घेतली म्हणून समजा.

आता अक्षरं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा तुकडा बसवलेला असायचा. फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडायचं. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला स्वतःची जागा आहे, पण आपण जुन्याच सवयीने टाइप करत राहिलो. सुदैवाने जुन्या सीडीत तो फॉन्ट सापडला. डेस्कटॉपवर बसवला, गाणी उमटली. लगेच पीडीएफ केली. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे कुठल्याही मशीनवरून छापलं तरी अक्षर तेच राहतं. नंतर मजकूर युनिकोडमध्ये फिरवला. रफार आणि पहिली वेलांटी बऱ्याच ठिकाणी घसरली होती. ती तपासायला मायलाच शेजारी बसवलं. मी वाचायचो, ती चुका काढायची. वाचता वाचता विसरलेल्या दोन ओव्याही तिला आठवल्या.

पुस्तिकेचं मुखपृष्ठ मुलाने मॅकवरून छापलं, आतली पानं लेकीने विंडोजवरून, त्या दोन ओव्यांचं पान मी लिनक्सवरून. प्रिंटर एकच.

मंडळी, तुमच्याकडेही जुन्या कॉम्प्युटरमध्ये कोणाची आरती, कोणाची वंशावळ, कोणाची पत्रं पडलेली असतील. मशीन भंगारात द्यायच्या आधी ती उघडून बघा, युनिकोड आणि पीडीएफ करून ठेवा आणि एक प्रत कागदावर काढा. फॉन्टची सीडी फेकू नका. आणि ज्याला ती गाणी पाठ आहेत, ते माणूस घरात आहे तोवरच हे काम उरकून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!