कपाटातला नरनाळा

आज पाहुणा नाही, मीच बोलून राहिलो. विषय आहे आपल्याकडचे जुने फोटो, पोथ्या, कागदपत्रं स्कॅन करून नेटवर सगळ्यांसाठी मोकळी करण्याचा.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच भागातल्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या वाचनालयातले फोटो आम्ही चौघांनी स्कॅन केले. मेळ्यांचे, नाटकांचे, सत्याग्रहाला निघालेल्या माणसांचे. तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात गेल्या. माझी विनंती एकच होती, हे नेटवर टाकू. कार्यकारिणी म्हणे, "लोकं चोरतील ना बाप्पा." मग तडजोड झाली. मोठ्या फायली डीव्हीडीवर, डीव्हीडी कपाटात. लोकांना दाखवायला लहान प्रती, त्यावर मधोमध वाचनालयाचं नाव.

पुढे भिंतीला ओल आली, वाळवी लागली, मूळ फोटो गेले. डीव्हीडी काढून पाहिल्या तर अकरापैकी दोन उघडल्या, त्याही अर्ध्या. आता उरल्यात त्या व्हॉट्सॲपवर फिरलेल्या लहान प्रती. सत्याग्रहाच्या फोटोत मधोमध एक माणूस उभा आहे, त्याची नात मला भेटली. तिला आजोबांचा चेहरा पाहायचा होता. बरोबर त्या चेहऱ्यावर वाचनालयाचं नाव आहे.

मी त्या कार्यकारिणीला दोष देत नाही. आपली वस्तू, आपण सांभाळली, तिच्यावर दुसऱ्यानं पैसे का कमवावे, हा प्रश्न खराच आहे. पण जगातल्या मोठ्या संस्थांनी तो सोडवला तो उलट्या बाजूनं. ब्रिटिश लायब्ररीनं २०१३मध्ये जुन्या पुस्तकांतली दहा लाखांवर चित्रं फ्लिकरवर टाकली, घ्या आणि वापरा म्हणून. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं २०१७मध्ये पावणेचार लाख चित्रं कुठलीच अट न घालता सोडली. मूळ वस्तू त्यांच्याकडेच आहेत, त्या काही कुणी उचलून नेल्या नाहीत.

नंतर माझ्या स्वतःच्या घरात हा प्रश्न आला. वडिलांना किल्ल्यांचा नाद होता. १९७४मध्ये ते नरनाळ्याला गेले, शहानूरहून पायी चढून. महाकाली दरवाजाचे बारा निगेटिव्ह एका बिस्किटाच्या डब्यात होते. पंधराव्या शतकातला दरवाजा, त्यावर कोरलेले अरबी लेख, कमळं, बाजूचे झरोके. दगड उन्हापावसात झिजतो, म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचा स्वच्छ फोटो म्हणजे वाचणाऱ्यासाठी एक जास्तीचा साक्षीदार.

मला ते विकिमीडिया कॉमन्सवर टाकायचे होते. इथं कायदा आडवा आला, आणि तो नीट समजून घ्या, कारण तुमच्याही घरी असे डबे आहेत. भारतात १९५८च्या आधी काढलेले फोटो, पन्नास वर्षं उलटली म्हणून, कॉमन्सवर मुक्त धरले जातात. त्यानंतरच्यांचं तसं नाही. २०१२च्या दुरुस्तीपासून फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. बाबा २००६ला गेले, म्हणजे २०६६ संपेपर्यंत हक्क आम्हा तिघा भावंडांचा. एकट्या माझ्या सहीनं काम होत नव्हतं.

ताई लगेच हो म्हणाली. दादा अडला. "कॅलेंडरवाला छापून विकन, मंग?" मी म्हटलं, विकेल. कॉमन्सवर 'व्यापारी वापर नको' अशी अट चालतच नाही. आपण क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना देऊ. ज्याला वापरायचं त्यानं बाबांचं नाव द्यायचं, आणि फोटोत काही बदल करून पुढे दिला तर त्याच परवान्यावर द्यायचा. दादा म्हणे, "नाव कोण देते बे इकडे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन महिने विषय तसाच राहिला. मग दिवाळीत सगळे जमलो, ताईनं डबा उघडून निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरले, तर चारांवर बुरशी. दादानं न बोलता सही केली.

काम किचकट आहे. स्कॅन लवकर होतो, वेळ जातो तो माहिती लिहिण्यात. फायलीला नुसता कॅमेऱ्याचा आकडा दिला तर ती पुन्हा कपाटातच गेली समजा. कुठला दरवाजा, कुठल्या अंगानं, कोणतं साल, कुणी काढला, हे मराठीत लिहा, इंग्रजीतही लिहा.

आणि हो, सगळंच उचलून टाकायचं नसतं. रिद्धपूरला महानुभावांच्या पोथ्या आहेत. त्या परंपरेनं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं जपले. पोथी कितीही जुनी असो, ती ज्यांच्या पूजेत आहे त्यांना विचारल्याशिवाय मी तरी कॅमेरा काढणार नाही. कायदा काहीही म्हणो.

पण ट्रंकेतल्या फोटोंचं काय? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं. त्या पोरांची नातवंडं आज हे ऐकत असतील, तर एकदा माळ्यावर चढून पाहा.

आमचे आठ फोटो वर गेले. या जानेवारीत दादाचा फोन आला. अकोटच्या एका दुकानाचं कॅलेंडर त्याच्या हाती लागलं होतं, फेब्रुवारीच्या पानावर महाकाली दरवाजा. खाली बाबांचं नाव होतं, आडनावात एक अक्षर चुकलेलं. मला वाटलं, आता हा चिडणार. तो म्हणे, "त्या दुकानदाराले मी फोन केला. पुढच्या साली दुरुस्त करतो म्हणे. अन् काय साजरा छापला रे. तुयासाठी दोन कॅलेंडर मागून ठेवले."