पोरांची प्रागची सहल



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. ह्या व्यासपीठावर आजवर मी फार तर स्वागतगीताच्या मागच्या रांगेत उभी राहिले आहे. पण कार्यवाहताई म्हणाल्या, "तुमची थोरली जर्मनीत शिकते. आपल्यातल्या आणखी तिघींची मुले जाण्याच्या खटपटीत आहेत. तेव्हा दहा मिनिटे बोलाच." आता परदेशचे वैभव मी काय सांगणार? मी काही ते पाहिलेले नाही. पण २०२५ सालच्या गुढीपाडव्याला आमच्या मुलीची व तिच्या सोबत्यांची जी फजिती झाली, ती मला तोंडपाठ आहे. तीच सांगते.

आमची मुलगी ड्रेस्डेन नावाच्या शहरात आहे. एल्ब नदीच्या काठचे शहर. तिथून चेक देशाची राजधानी प्राग साधारण दीडशे किलोमीटर. म्हणजे आपल्या मिरजेहून सोलापूरला जाण्यापेक्षाही जवळच. गाडीने अडीच तासांच्या आतबाहेर. देश मात्र वेगळा, भाषा वेगळी आणि नाणेही वेगळे. जर्मनीत युरो चालतो, चेक लोकांचा कोरुना. वर्गातली सहा मुले, तीन मुली व तीन मुलगे, सगळी आपल्याकडचीच. शनिवार-रविवार जाऊन यायचे ठरले.

हे ऐकून आमच्या गल्लीत एक बाई म्हणाल्या, "शिकायला पाठवली की हिंडायला?" मी त्यांना तिथेच हिशेब सांगितला. तिकडच्या सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नसते, पण व्हिसा देण्याआधी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात, आणि त्यातले दरमहा ९९२ हाती पडतात. त्यात खोलीचे भाडे, विमा, जेवण. ह्यांचे वायरिंगचे दुकान; त्यावर कर्ज काढून ती रक्कम उभी केली आहे. पोरीने दोन महिने डबा करून नेला आणि माणशी ८० युरो, म्हणजे आपले सात हजारांच्या वर, बाजूला टाकले. वर्षभर बर्फात सायकल हाणणाऱ्या मुलीने दोन दिवस पूल आणि वाडे पाहिले तर कोणाचे काय गेले? असो.

शनिवारी पहाटे निघाली. गाडी नदीच्या काठाकाठाने जाते, दोन्ही बाजूंना उभे कडे, असे तिने फोटो पाठवले होते. प्रागला दोन स्टेशने लागतात. होलेशोवित्से आधी, मुख्य स्टेशन नंतर. "प्राग" एवढी पाटी वाचून मंडळी आधीच्याच स्टेशनात उतरली. ते फारसे बिघडले नाही, भुयारी रेल्वेने पुढे गेली. पण तिकीट काढले तरी ते पिवळ्या यंत्रात घालून शिक्का उठवावा लागतो, हे त्यांच्यापैकी दोघांच्या ध्यानी आले नाही. साध्या कपड्यातल्या तपासनिसाने बिल्ला दाखवला आणि दंड घेतला. आपल्या एसटीत कंडक्टर स्वतः येऊन तिकीट देतो, आणि १७ मार्च २०२३ पासून आपल्याला निम्मेच पडते. तेव्हा कंडक्टर रागावला तरी मी आता काही बोलत नाही.

मग पैसे बदलण्याचा प्रकार झाला. एका मुलाने रस्त्यावरच्या दुकानात १०० युरो दिले. त्या सुमारास एका युरोला साधारण २५ कोरुना मिळत, म्हणजे अडीच हजार यायला हवे होते. हाती आले सतराशे. मुलगा बिचारा रडकुंडीला आला. ट्रामच्या थांब्यावर एक म्हातारी उभी होती. तिने ह्यांचे चेहरे पाहिले, हातातली पावती पाहिली आणि मोडक्या इंग्रजीत सांगितले, "परत जा. तीन तासांच्या आत सौदा मोडता येतो." तसा कायदाच आहे त्यांच्याकडे, १ एप्रिल २०१९ पासून, हजार युरोंपर्यंतच्या रकमेला. पावती मात्र हवी. पोरे धावत गेली. दुकानदाराने पुष्कळ आढेवेढे घेतले, पण सहा जण काऊंटरपुढून हलेनात, तेव्हा पैसे मोजून परत केले. मला ह्या सगळ्या हकिकतीत त्या म्हातारीला भेटावेसे वाटते.

संध्याकाळी त्यांनी प्रागचे प्रसिद्ध घड्याळ पाहिले. ते १४१० सालचे आहे, जुन्या नगरगृहाच्या भिंतीवर, आणि अजून चालते. त्याच्या एका कड्यावर जुने चेक तास दाखवतात, ते सूर्यास्तापासून मोजायचे. आपला पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यांचा सूर्यास्ताला होत असे. मुलीने हे मला फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितले. आणि त्याच रात्री घड्याळानेच त्यांना फसवले!

त्याचे असे. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर नेतात. एक तास खलास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो परत देतात. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आपल्याकडेही घड्याळे तासभर पुढे केली होती, असे आमच्या सासूबाई त्यांच्या आईकडून ऐकलेले सांगतात. २०२५ साली तो रविवार ३० मार्चला आला, म्हणजे नेमका आपल्या पाडव्याला. फोनमधली घड्याळे आपोआप बदलतात. पण उतारशाळेतल्या बारा खाटांच्या खोलीत इतरांची झोप मोडू नये म्हणून कोणी गजर लावला नव्हता. लवकर उठणाऱ्या एका मुलाने सर्वांना उठवण्याचे अंगावर घेतले होते, आणि त्याच्या मनगटावर वडिलांचे चावीचे घड्याळ. त्याने आठाला उठवले तेव्हा खरे नऊ वाजले होते. एक न्हाणीघर आणि सहा माणसे! कोणीतरी फोन पाहिला तोवर दहाला वीस कमी. धावत सुटली. वाटेत रूळदुरुस्तीसाठी ट्राम दुसऱ्या रस्त्याने वळवलेली. साडेदहाची गाडी फलाटावरून बाहेर पडताना त्यांना पाठमोरी दिसली.

स्वस्तातले तिकीट त्या एकाच गाडीचे असते. गाडी चुकली की तो कागद. पुन्हा पूर्ण भाड्याची तिकिटे काढली. पुढची गाडी दोन तासांनी, ती रद्द झाली. त्याच्या पुढची मिळाली, ती ऊस्ती नावाच्या गावाशी कितीतरी वेळ उभी राहिली. मला दुपारी एवढाच निरोप आला : "गाडी चुकली. काळजी नको." त्यानंतर तिच्या फोनची बॅटरी संपली.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. त्यांच्यात एक नागपूरची मुलगी होती. तिच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती, आणि तो वाढवण्यासाठी सोमवारी सकाळी आठ वाजता तिला कचेरीत बोलावणे होते. ती वेळ मिळायला तिला तीन महिने लागले होते. म्हणून शहाण्या मुलीने सगळी कागदपत्रे नीट फाईलीत लावून ठेवली, आणि त्यातच पासपोर्टही. फाईल खोलीवर. बरोबर फक्त परवान्याचे कार्ड. दोन्ही देश शेंगेन करारातले, एरवी सरहद्दीवर कोणी विचारत नसे. पण १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व सरहद्दींवर तपासणी सुरू केली होती, चेकच्या बाजूला तर त्याआधीपासूनच. आणि कायद्याप्रमाणे कार्डाबरोबर पासपोर्ट लागतोच.

बाड शांडाउ हे सरहद्दीचे स्टेशन. संध्याकाळी सात वाजता पोलीस गाडीत चढले आणि त्यांनी त्या मुलीला खाली उतरायला सांगितले. उरलेल्यांनी काय करावे? एक मुलगा म्हणाला, आपण सगळेच उतरू. आमची मुलगी म्हणाली, "सगळे उतरून उपयोग नाही. मी हिच्याबरोबर थांबते. तुम्ही ड्रेस्डेनला जाऊन हिच्या खोलीवर पोचा आणि पासपोर्टच्या पानांचे फोटो पाठवा." भगिनींनो, हिला मी ओळखते. ही घरी असताना वाण्याकडे एकटी जायला कुरकूर करायची.

पोलीस वाईट वागले नाहीत. बसायला बाक दिला, पाणी दिले, पण नावगाव पुन्हा पुन्हा विचारले. नागपूरची मुलगी जर्मन शब्द विसरली आणि मराठीतच बोलू लागली. आमची तिचे बोलणे जर्मनमध्ये सांगत होती. तासाभराने फोटो त्या मुलीच्या फोनवर आले. त्यांनी आपल्या यंत्रात पडताळून पाहिले, जबानी लिहून घेतली आणि नऊ वाजता सोडले. तिथून स्थानिक गाडीने दोघी ड्रेस्डेनला. मुलगे स्टेशनवर ब्रेडची पाकिटे घेऊन उभे होते.

इकडे मी सूर्यास्ताआधी गुढी उतरवली, साखरेची गाठी शेजारच्या पोरांना वाटली, श्रीखंडाचे भांडे तसेच ठेवले. ह्यांनी पंचांगाच्या मागच्या पानावर "साडेचार तास मिळवणे" असे लिहिलेले होते. त्या दिवसापासून ते साडेतीन झाले, हे आम्हाला कोण सांगणार? हे अंगणात फेऱ्या घालीत होते. तिला काही बाधले असेल, असे ते म्हणेनात आणि मीही म्हणेना. रात्री सव्वा वाजता फोन वाजला. तिचे पहिले वाक्य होते, "आई, श्रीखंड उरलंय का?" ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन तोंड धुतले.

सोमवारी आठच्या आधी नागपूरची मुलगी कचेरीच्या दारात हजर होती, आमची तिच्यासोबत. परवाना पुढे वाढला. पासपोर्ट जवळ नव्हता म्हणून काही आठवड्यांनी दंडाचे पत्र आले, ते पैसे सहाही जणांनी सारखे वाटून भरले. चावीचे घड्याळ त्या मुलाच्या मनगटावर अजून आहे, पण उठवण्याचे काम आता त्याच्याकडे देत नाहीत.

आपल्यापैकी ज्यांची मुले जाणार आहेत त्यांनी घरी येऊन ह्यांच्याकडून कागदपत्रांची यादी उतरवून घ्यावी. ह्यांनी ती मोठ्या अक्षरात लिहून दुकानात लावली आहे. अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे दोनदा पाहिले, आणि पुढे भजनाचा कार्यक्रम आहे. तेव्हा आपली रजा घेते.