परदेशी सून, परदेशी जावई

मावळातल्या कान्हे गावच्या मुलानं परदेशी मुलीशी लग्न ठरवलं, तर मांडवाआधी कागद बघावेत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एकानं नोटिशीपूर्वी निदान ३० दिवस जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. नोटीस लागल्यावर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. पाहुण्यांची तिकिटं त्यानंतरचीच काढा.

लग्नानं नागरिकत्व आपोआप मिळत नाही. आधी व्हिसा. पुढे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी लग्न नोंदलेलं आणि सलग २ वर्षं टिकलेलं हवं. म्हणून नोंदणी अजिबात लांबवू नका, हे मी कळकळीनं सांगते. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिकत्व असलेल्यांना, पूर्वी असलेल्यांनाही, हे कार्ड मिळत नाही. कार्डावर आयुष्यभर येजा करता येते, मतदान मात्र नाही.

मावळात महत्त्वाची गोष्ट जमिनीची. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. सुनेच्या नावावर भातखाचर घ्यायचा बेत असेल, तर इसार देण्यापूर्वी वकिलाला विचारा. घटस्फोट झाला तर लग्नावर मिळालेलं कार्डही रद्द होऊ शकतं. कार्डाऐवजी नागरिकत्वच हवं असेल, तर अर्जाआधी ७ वर्षं भारतात वास्तव्य लागतं.