खुराड्यातल्या पिसवा आणि डायाटम माती

रेवदंड्याच्या खाडीतलं थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरा. काचेच्या नक्षीदार डब्यांसारखे डायाटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळं, दिसतील. अशाच शेवाळांच्या लाखो वर्षं जुन्या कवचांची पूड म्हणजे डायाटम माती. ती पिसवांच्या अंगावरचा मेणचट थर शोषते, ओरखडते. कीड सुकून मरते. कोंबड्या चुलीच्या राखेत लोळतात, त्यामागेही बरंचसं हेच!

पण पूड कोरडीच हवी. आपल्या पावसात, ओलसर खुराड्यात ती निकामी. उघडीप पाहून, कोंबड्या बाहेर काढून, तोंडाला फडकं बांधून फटींत पातळ भुरभुरवा. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीतली भाजलेली पूड मात्र मुळीच नको. ती फुप्फुसांना घातक. किडीची अंडी डायाटम मातीनं मरत नाहीत, म्हणून आठवड्यानं पुन्हा टाका.