ओढ्यावरची एक सुट्टी: पिसाची माशी आणि चढणीचे मासे

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "तीर्थन खोऱ्यातून तो लांबलचक गळ आणलाय, त्याचं श्रीगोंद्यात करणार काय?" तर ऐका.

ट्राउट आपल्याकडं नाही, होणारही नाही. इंग्रजांनी तो काश्मिरात आणला. 1899 ची पहिली खेप वाटेतच मेली, 1900 ची जगली. त्याला वीस अंशांच्या आतलं वाहतं पाणी लागतं. आपल्या ओढ्यात एप्रिलमध्ये पाणी असलं तरी नशीब.

पण ट्राउट नाही म्हणून माशीचा गळ टाकायचाच नाही, असं थोडंच आहे? दिवाळीच्या आधी, पाणी निवळल्यावर, मी आणि तात्या म्हणजे माझे चुलते, भाकरी बांधून विसापूरच्या अलीकडं एका ओढ्यावर गेलो. या गळाला गांडूळ नसतं. कोंबड्याचं पीस दोऱ्यानं आकड्याला गुंडाळून माशी करायची. तिला वजनच नाही, म्हणून जाड दोरी हवेत मागं-पुढं खेळवून तिच्या वजनावर माशी फेकायची.

तात्या बांधावरून बघत होते. म्हणाले, "आरं, ह्यो आसूड कुणावर उगारतो?"

पहिली माशी बाभळीत. दुसरीपण बाभळीत. अकरापर्यंत मासा सोडा, सावलीतला बगळासुद्धा कंटाळून उडाला. मग ध्यानात आलं, माझी सावली पाण्यात पडतीय. गुडघ्यावर बसलो, दगडामागच्या संथ पाण्यात माशी सोडली आणि टचकन ओढ बसली. बोटाएवढा, रुपेरी, अंगावर निळसर पट्टे. हे मासे पाण्यावरचे किडे उडी मारून खातात, म्हणून फसला.

मी ओल्या हातानं आकडा काढून त्याला सोडला. वाटलं तात्या हसणार. "एवढ्याची आमटी कुणाला पुरायची," एवढं म्हणाले खरे, पण मग गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "जूनला पुलाखाली आपण दोन घमेली काढली, तवा का नाय सोडला?"

खरंय ते. पहिल्या पुरात मासे अंडी घालायला वर चढतात. चढणीचे मासे म्हणून आपण मच्छरदाणी लावून बसतो. त्या दिवशी जाळी मीच धरली होती. घरी चिरले तर जवळजवळ प्रत्येकात गाभोळी. खाल्लीही, आणि चवीनं खाल्ली. करंट लावणाऱ्यांना मी याच माईकवरून शिव्या घातल्यात, पण मच्छरदाणीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

दुपारी अजून तीन लागले, तिन्ही सोडले. तात्यांनी एकदा दोरी फिरवून बघितली, थेट स्वतःच्या टोपीत अडकवली.

पुतण्यानं आत्ताच विचारून ठेवलंय, यंदा जाळी नवी घ्यायची का म्हणून. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्याकडं चढणीच्या माशांचं काय करतात, आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.